पैऱ्यातला अर्धा ‘र’

ऊसबिलाच्या थकबाकीवरून शेतकऱ्यांचा मेळावा ठरला होता आणि त्याचं हँडबिल आमच्या दुकानात आलं होतं. साल २०१५. बेळगावात गणपत गल्लीच्या मागच्या अंगाला एका डीटीपीच्या दुकानात मी तेव्हा मॅटर लावायचं काम करत होतो. लग्नपत्रिका, अहवाल, हँडबिलं असं सगळं आम्ही जुन्या फॉन्टमध्ये करायचो. त्या फॉन्टचं अक्षर कागदावर झकास उतरायचं, पण तेच मॅटर मोबाइलवर पाठवलं की समोरच्याला इंग्रजी अक्षरांचा नुसता चुरा दिसायचा. या वेळी हँडबिल व्हॉट्सॲपवरही फिरवायचं होतं, म्हणून पहिल्यांदाच सगळं युनिकोडमध्ये टाइप केलं.

प्रूफ बघायला एक निवृत्त मास्तर आले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि पहिल्याच ओळीला लाल पेनानं गोल केला. तिथं ‘शेतकर्यांनो’ असं उमटलं होतं.

“बाळ, हा रफार काढ. ‘सूर्या’तला र इथं कशाला? शेतकऱ्याचा र आडवा असतो.”

मास्तरांचं बरोबर होतं. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ डोंगरांमधल्या. ‘आचार्यांना’ नमस्कार करायचा आणि ‘आचाऱ्यांना’ किती पानं उठणार ते सांगायचं. मराठी माणसाला हा फरक कानानं कळतो. पण कीबोर्डवर र, मग हलन्त, मग य दाबला की यंत्र इमानानं रफारच काढत होतं. जुन्या फॉन्टमध्ये आडव्या र ला वेगळी कळ होती, इथं ती सापडेना. मालक म्हणाले, ‘शेतकरी बंधूंनो’ कर आणि मोकळा हो. मला ते पटेना. अक्षर सापडत नाही म्हणून माणसाची हाक बदलायची?

युनिकोड मराठीवर काम करणाऱ्या लोकांचा एक गट इंटरनेटवर होता. रात्री तिथं चार ओळींत अडचण लिहिली. अर्ध्या तासात उत्तर आलं: साधा ‘र’ घेऊ नका, खाली टिंब असलेला ‘ऱ’ घ्या, इन्स्क्रिप्ट कीबोर्ड असेल तर शिफ्ट धरून जे, मग डी, मग य. मी तसं केलं आणि पडद्यावर ‘शेतकऱ्यांनो’ उमटलं. उत्तर देणारा कोण, कुठला, हे मला आजही ठाऊक नाही.

त्यानं खाली आणखी दहाएक ओळी लिहिल्या होत्या, असं का होतं ते सांगणाऱ्या. शेवटची ओळ कन्नडबद्दल होती, ती मी तेव्हा नीट वाचलीही नाही. बाकीच्या ओळी मात्र पुन्हा पुन्हा वाचल्या आणि तिथून मी या कामात ओढला गेलो. आमच्या भागातल्या मुलांना ‘ओपन सोर्स’ हा शब्द कॉलेजात ऐकायला मिळतो, पण त्याच्या आत काय चालतं, तिथं राहणाऱ्या माणसाच्या आयुष्यात काय बदलतं, हे कुणी उघडून दाखवत नाही. ते मला इथं करायचं आहे.

आधी त्या ओळींत काय होतं ते सांगतो. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. युनिकोड ही जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना दिलेल्या आकड्यांची एकच सामाईक यादी. तिची पहिली आवृत्ती १९९१ ची. त्यात देवनागरीला १२८ खणांचं एक फडताळ दिलं आहे आणि कन्नडलाही १२८ खणांचंच. भारतीय लिप्यांसाठी आपल्याकडे १९८८ मध्ये ‘इस्की’ नावाची एक संकेतपद्धती ठरली होती, तिच्यावरून ही फडताळं लावली गेली. त्यामुळे देवनागरीतला र ज्या खणात आहे, त्याच खणात कन्नडच्या फडताळात कन्नडचा र आहे: दोन्हीकडे ४९ वा. त्याच्या शेजारी, ५० व्या खणात, टिंबवाला ऱ. हा कडक र द्राविडी भाषांतला आहे. जुन्या कन्नडमध्ये तो होता, आता लिहिण्यात उरलेला नाही. देवनागरीत तो खण मुळात अशा उच्चारांसाठी ठेवलेला, पण त्या अक्षराचं अर्धं रूप आपल्या मराठीच्या आडव्या र साठी वापरायचं ठरलं. म्हणजे मी ‘शेतकऱ्यांनो’ लिहितो तेव्हा एका द्राविडी अक्षराच्या आधारानं लिहितो. बेळगावात राहून ही गोष्ट वाचल्यावर मी बराच वेळ पडद्याकडे बघत बसलो होतो.

आता हे खण, हे जोडाक्षरांचे नियम, हे फॉन्ट कुणी चालवायचे? काही कंपन्या चालवतात. पण फार मोठा भाग असे लोक चालवतात ज्यांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही. ते कसं शक्य होतं हे समजायला उद्यमबागेत जाऊ. तिथल्या फौंड्रीतून तुम्ही कास्टिंग विकत घेतलंत, तर तुमच्या हातात तयार भाग येतो. त्याचा पॅटर्न, म्हणजे ज्याच्यावरून साचा बनतो तो, फौंड्रीकडेच राहतो. भागात ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी, निघालं, भोक जरा मोठं हवं झालं, तर पुन्हा त्यांच्याच दारात. बहुतेक सॉफ्टवेअर असंच विकलं जातं. प्रोग्रामरनं लिहिलेला मजकूर, ज्याला सोर्स कोड म्हणतात, तो हा पॅटर्न. ओपन सोर्समध्ये कास्टिंगबरोबर पॅटर्नही तुमच्या हातात देतात आणि सांगतात, हवा तसा कोरून घ्या.

ही कल्पना चळवळ म्हणून उभी राहिली त्यामागे एक प्रिंटर आहे, आणि मी छपाईच्या धंद्यातला असल्यामुळे मला ही गोष्ट फार जवळची वाटते. रिचर्ड स्टॉलमन अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत काम करायचे. तिथल्या जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की ज्यांची कामं रांगेत आहेत त्यांच्या पडद्यावर सूचना जाईल, अशी सोय त्यांनी प्रोग्राममध्ये करून घेतली होती. १९८० च्या सुमाराला नवा लेझर प्रिंटर आला, पण त्याचा सोर्स कोड मिळेना. मागितला तर नकार आला. कागद अडकायचा आणि कुणाला कळायचं नाही. ज्यानं भर सीझनमध्ये अडकलेला कागद ओढून काढला आहे, त्याला तो राग समजेल. स्टॉलमननी १९८३ मध्ये ‘ग्नू’ हा मोकळ्या सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला आणि पुढं १९८९ मध्ये ‘जीपीएल’ नावाचा परवाना आला. त्याचा गाभा एवढाच: हे सॉफ्टवेअर वापरा, उघडून बघा, बदला, दुसऱ्याला द्या. बदलून दिलंत तर तुमचा पॅटर्नही सोबत द्या.

ऑगस्ट १९९१ मध्ये लिनस टॉर्व्हाल्ड्स या हेलसिंकीच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानं जाहीर केलं की मी छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहितोय, सूचना असतील तर कळवा. पुढच्या वर्षी त्यानं ती जीपीएलखाली आणली. तीच लिनक्स. तुमच्या खिशात अँड्रॉइड फोन असेल तर त्याच्या तळाशी ती आहे, आणि जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांपैकी सगळेच्या सगळे २०१७ पासून तिच्यावर चालतात.

इतिहास इथं थांबवतो. खरी गंमत एक बदल आत कसा जातो त्यात आहे.

मेळाव्याचं हँडबिल झाल्यावर वर्षभरानं मला एका मोफत फॉन्टमध्ये खोट सापडली. ‘गुऱ्हाळ’ लिहिलं की आडवा र पुढच्या ह च्या मानेत घुसायचा. आमच्याकडे गुऱ्हाळाचं काम वर्षाला दहा तरी येतं, त्यामुळे मला ते टोचत होतं. मी त्या फॉन्टच्या लोकांना लिहिलं, “गुऱ्हाळ नीट दिसत नाही, लवकर दुरुस्त करा.” उत्तरात चार प्रश्न आले. फॉन्टची कुठली आवृत्ती? कुठल्या प्रोग्राममध्ये? काय दिसायला हवं आणि काय दिसतं, दोन्हीचं चित्र देता का? ‘कुऱ्हाड’, ‘तऱ्हा’ यांतही तसंच होतं का? मला आधी राग आला. फुकट वाटताय आणि वर उलटतपासणी? मग शांतपणे एकेक करून पाहिलं. कुऱ्हाडीत तसंच होत होतं. लहान आकारात होत नव्हतं असं वाटलं, मग मोठं करून पाहिलं तर होत होतं. ‘ऱ्य’ मात्र ठीक होता. म्हणजे खोट र ची नव्हती, र आणि ह यांच्या मधल्या अंतराची होती. हे लिहून पाठवलं. तीन आठवड्यांनी दुरुस्ती आली.

त्या दुरुस्तीचं रूप बघण्यासारखं असतं. सगळा मजकूर पुन्हा लिहीत नाहीत. जी ओळ काढली तिच्या आधी वजाचं चिन्ह, जी घातली तिच्या आधी अधिकचं. आमच्या हँडबिलाचं असं लिहायचं झालं तर:

− शेतकर्यांनो, हजारोंच्या संख्येनं या
+ शेतकऱ्यांनो, हजारोंच्या संख्येनं या

एवढाच कागद फिरतो. त्यावर लोक मत देतात, मग तो भाग सांभाळणारा माणूस तो आत घेतो किंवा परत पाठवतो. हे सगळं नोंदवायला ‘गिट’ नावाचं अवजार वापरतात, तेही टॉर्व्हाल्ड्सनंच २००५ मध्ये लिहिलं. गिट समजायला जमिनीचा उतारा डोळ्यांपुढं आणा. कुणाच्या नावावरून कुणाच्या नावावर, कधी, कोणत्या कारणानं, हे फेरफाराला लागतं आणि मागची नोंद पुसली जात नाही. गिटमध्ये प्रोग्रामच्या प्रत्येक ओळीचा असा उतारा निघतो. चूक कुणी केली तेही दिसतं आणि कुणी सुधारली तेही. फॉन्टच्या नव्या आवृत्तीबरोबर मदत करणाऱ्यांची यादी आली, तिच्यात माझं नाव होतं.

ते मी घरी दाखवलं. आमचं घर खानापूर तालुक्यात, भाताच्या पट्ट्यात. आईनं फोन लांब धरून पाहिला आणि विचारलं, “पैसं किती दिलं त्येंनी?”

“पैसे नाहीत, आई.”

“मंग पैराच की ह्यो.”

आमच्याकडे रोप लावणीला पाऊस कुणासाठी थांबत नाही. तीन-चार दिवसांत चिखल झालेलं सगळं रान लागलं पाहिजे, आणि एका घराची माणसं त्याला पुरत नाहीत. म्हणून आज तुमच्या रानात आमची माणसं, परवा आमच्या रानात तुमची. पैसा फिरत नाही, पण हिशेब असतो, आणि पैरा फेडला नाही तर पुढच्या साली तुमच्या बांधावर कुणी येत नाही. आईनं वापरलेला शब्द मला इतका बरोबर वाटला की त्यानंतर मी ओपन सोर्स समजावताना तोच वापरतो. दोन फरक मात्र सांगावे लागतात. रानात भात एकदाच निघतं, सॉफ्टवेअर कितीही जणांनी नेलं तरी कमी होत नाही. आणि पैरा ज्याचा त्यालाच फेडायचा असतो. इथं तसं नाही. मला ज्यानं ऱ दाखवला त्याच्या रानात मी कधीच जाणार नाही, मी तिसऱ्याच कुणाच्या रानात उभा राहतो.

आयुष्यात काय बदलतं, या प्रश्नावर लोक लगेच नोकरीकडे जातात. तिकडे जातो, पण माझ्या मते पहिला बदल प्रश्न विचारण्यात होतो. ‘चालत नाही’ असं म्हणणारा माणूस ‘काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं’ असं सांगायला लागतो. मी हे बाहेरही वापरतो. आईला डॉक्टरकडे नेलं तेव्हा त्रास कधीपासून, जेवणाआधी की नंतर, कोणती गोळी थांबवल्यावर वाढला, हे मी कागदावर लिहून नेलं होतं. डॉक्टरांनी तो कागद मागून घेतला. ही सवय मला शाळेनं लावली नव्हती, त्या चार प्रश्नांनी लावली.

नोकरीचं सांगायचं तर माझ्या ओळखीच्या एका मुलीचं सांगतो. निपाणीकडच्या खेड्यातली, आई विड्या वळते, दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग बेळगावात इंजिनिअरिंग. वर्गात इंग्रजीत उभं राहून बोलायची वेळ आली की तिच्या पोटात गोळा यायचा. ती एका ग्रंथालयाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये शिरली ती हजेरीच्या क्रमावरून. त्यात नावांची यादी लावली की ‘काळे’ आधी आणि ‘कावळे’ नंतर यायचे. युनिकोडच्या फडताळात ळ हा ल च्या लगेच शेजारी, व च्या आधी आहे. यंत्र नुसत्या आकड्यांवर लावत होतं. पण आपल्या वर्णमालेत ळ येतो ह च्या नंतर, म्हणून कावळे आधी यायला हवेत. तिनं हे ओळखलं, कारण शाळेत तिनं वर्णमाला सुरात म्हटली होती. दुरुस्ती फार मोठी नव्हती, सोबतचं इंग्रजी स्पष्टीकरण सहा वाक्यांचं. ते सहा वाक्यांचं इंग्रजी तिनं तीन रात्री लिहिलं. कुणीही व्याकरणावर बोट ठेवलं नाही. मुद्दा कळला, दोन प्रश्न विचारले, बदल आत गेला. पुढं दोन वर्षं ती असं करत राहिली. पुण्याच्या एका कंपनीत मुलाखतीला गेली तेव्हा समोरच्यांनी तिचे हे उघड्यावरचे बदल आधीच वाचले होते, आणि तासभर काळे-कावळ्यांवरच बोलणं झालं. नोकरी लागली.

सगळ्यांचं असं होत नाही. तिच्याबरोबर सुरुवात केलेल्या दोघांना यातून काही मिळालं नाही, आणि त्यांचं काम वाईट होतं असंही नाही. पण ज्याच्या कॉलेजचं नाव मोठं नाही, ज्याची ओळख कुठं पोचत नाही, त्याच्याकडे दाखवायला निदान उघडं, तारीखवार काम असतं. सीमाभागातल्या मुलाला याचं मोल जास्त आहे. घरी मराठी, कचेरीत कन्नड, कॉलेजात इंग्रजी, आणि प्रत्येक ठिकाणी आपण जरा कमी पडतो असं वाटत मोठं व्हायचं, हे मी भोगलं आहे. पाटीवर कोणती भाषा वर यावी यावरून आमच्याकडे पिढ्या गेल्या. त्या वादात ज्यांनी सोसलं त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. आणि त्याच वेळी हेही खरं की कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांची जोडाक्षरं आज आपल्या फोनवर बहुतेक करून एकच प्रोग्राम जुळवतो. त्याचं नाव हार्फबझ. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस, सगळ्यांच्या आत तो आहे. नाव फारसीवरून आलं: हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे उघडा. खणांतले आकडे घेऊन कुठला र डोक्यावर चढवायचा आणि कुठला आडवा ठेवायचा, हे तो ठरवतो. त्याच्या नियमांतली कन्नडची चूक सुधारणारा आणि मराठीची चूक सुधारणारा एकाच वहीत लिहितात.

आता जे दुखतं ते.

पहिलं, बोलणं. या जगात अनेकांना फटकळपणा म्हणजे हुशारी वाटते. खुद्द टॉर्व्हाल्ड्सनी वर्षानुवर्षं लोकांना उघड्यावर झापलं. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी त्याबद्दल माफी मागितली, काही काळ बाजूला झाले, आणि त्याच सुमाराला लिनक्सनं वागणुकीचे नियम लिखित केले. निपाणीच्या त्या मुलीनं तिचा पहिला प्रश्न स्टॅक ओव्हरफ्लोवर विचारला होता. २००८ पासून जगभरचे प्रोग्रामर तिथं एकमेकांचे प्रश्न सोडवत आले आहेत, मीही तिथून खूप घेतलं आहे. तिचा प्रश्न काही मिनिटांत ‘आधीच विचारलेला’ म्हणून बंद झाला आणि वजा मतं पडली. तिनं त्यानंतर वर्षभर कुठंच काही विचारलं नाही. जुना प्रश्न दाखवणं योग्यच होतं, पण ‘इथं बघ बाई, तुझं उत्तर यात आहे’ एवढं म्हणायला कितीसा वेळ लागतो? एका वर्षाचं नुकसान आहे हे, आणि ते कुठल्याच नोंदीत दिसत नाही.

दुसरं, न फिटणारा पैरा. मोठमोठ्या कंपन्या हे सॉफ्टवेअर नेतात. काही जण परत देतात, माणसं पगारावर ठेवून यात काम करवतात. बाकीचे नुसते नेतात. २०१४ मध्ये ओपनएसएसएल या प्रोग्राममध्ये हार्टब्लीड नावाची खोट निघाली तेव्हा लोकांना कळलं की इंटरनेटवरच्या कितीतरी व्यवहारांची कुलुपं ज्या प्रोग्रामवर आहेत, तो मोजकी माणसं, तीही बहुतेक आपल्या फावल्या वेळात, सांभाळत होती.

त्याहून मनाला लागणारी गोष्ट २०२४ ची. ‘एक्सझेड’ हा फायली दाबून लहान करणारा छोटा प्रोग्राम, लिनक्सच्या बहुतेक प्रकारांत असतो. तो एक माणूस वर्षानुवर्षं विनामोबदला सांभाळत होता. २०२२ मध्ये त्यानं लिहिलंही होतं की माझी मनःस्थिती बरेच दिवस ठीक नाही, आणि हे काम मी छंद म्हणून करतो. त्याच काळात काही अनोळखी नावं त्याच्या मागं लागली: काम मंद चाललंय, दुसऱ्या कुणाला तरी हात लावू द्या. आणि ‘जिया तान’ नावाचा एक जण नेमका मदतीला हजर होता. चांगल्या दुरुस्त्या पाठवायचा, चिकाटीनं. शेवटी त्याला आत घेतलं. मग त्यानं नव्या आवृत्तीत चोरदरवाजा बसवला, ज्यातून दुसऱ्याच्या संगणकात दुरून शिरता आलं असतं. पैऱ्याला आलेला माणूस रोप लावता लावता बांध फोडायची जागा हेरत होता. हे नाव खरं कुणाचं, ते उघड झालेलं नाही.

तो दरवाजा सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड नावाचा एक इंजिनिअर भलतंच काहीतरी मोजत होता. त्याला दिसलं की दुसऱ्या संगणकात दुरून लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! दुसरा कुणी सोडून देता. त्यानं मागोवा घेतला, पॅटर्न उघडा होता म्हणून तो घेता आला, आणि २९ मार्च २०२४ ला सगळं जाहीर केलं. बहुतेक सर्व्हरवर ती आवृत्ती अजून पोचायची होती. मी ते वाचत होतो तेव्हा मला सुटका वाटण्याआधी त्या थकलेल्या माणसाची आठवण आली. तो सांगत होता की मला जमत नाही, आणि त्याच्या सॉफ्टवेअरवर जगणाऱ्या एवढ्या जगातून त्याच्या बांधावर आला तो फक्त चोर. माझ्या लेखी हा सगळ्या समुदायावरचा डाग आहे. त्यानंतर मी एक नियम पाळतो. जे मोफत सॉफ्टवेअर दुकानात रोज वापरतो, त्यातल्या एकाच्या सांभाळणाऱ्याला महिन्यातून एकदा लिहितो: चालतंय, आमच्या इतक्या पत्रिका यावर झाल्या, आभारी आहे. खोट असेल तर तीही कळवतो, नीट चार प्रश्नांची उत्तरं देऊन.

तिसरं अगदी अलीकडचं. २०२२ च्या अखेरीला चॅटजीपीटी आलं तेव्हापासून मुलं माणसांना कमी विचारतात, यंत्राला जास्त. यंत्र लगेच सांगतं, हिणवत नाही. निपाणीच्या मुलीला तेव्हा ते असतं तर तिचं वर्ष वाचलं असतं, हे मी मान्य करतो. पण ते यंत्र शिकलं त्यात माणसांनी उघड्यावर लिहिलेल्या उत्तरांचा मोठा वाटा आहे. आणि यंत्राला विचारलेलं उत्तर तुमच्याच पडद्यावर राहतं. मला २०१५ मध्ये मिळालेल्या दहा ओळी नंतर कितीतरी लोकांना शोधता आल्या असतील. म्हणून मी मुलांना सांगतो की यंत्राकडून उत्तर मिळालं तरी, चाललं तर ते कुठंतरी उघड्यावर लिहून ठेवा, मराठीत लिहा. ‘ॲड.’ टाइप करताना ॲ कुठं आहे, एवढं लिहिलंत तरी चालेल. त्या ॲ ला युनिकोडमध्ये स्वतःचा खण मिळाला तोच मुळी २००८ मध्ये. तोवर अ वर चंद्र चढवून भागवावं लागायचं.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या दुकानातला कन्नड डीटीपी करणारा पोरगा आमच्या दारात आला. छत्री मिटायच्या आधीच म्हणाला, “अण्णा, जरा येऊन बघ की. रॅली येईना झालीय.”

मी गेलो. पडद्यावर कन्नड हँडबिल होतं. कन्नडमध्ये ‘रॅली’ लिहिताना र पुरा उभा ठेवून त्याच्या पायाशी य जोडतात. त्याच्या पडद्यावर मात्र य पुरा आला होता आणि र त्याच्या उजव्या हाताला आकडीसारखा लटकला होता, ‘सूर्य’ लिहिताना असतो तसा. त्याला तिकडं अर्कावत्तु म्हणतात, आपला रफारच तो. गिऱ्हाईक खुर्चीत बसून घड्याळ बघत होतं. पोरानं फॉन्ट बदलून पाहिले होते, मशीन बंद-चालू केलं होतं.

मला त्या जुन्या उत्तराची शेवटची ओळ आठवली, मी न वाचल्यासारखी केलेली. ते उत्तर जपून ठेवलेली जुनी फाइल घरून फोनवर मागवून घेतली. तिथं लिहिलं होतं: कन्नडमध्येही र पुढं य आला की हाच घोळ होतो, तिथं र नंतर झिरो विड्थ जॉइनर घाला, मग हलन्त, मग य. झिरो विड्थ जॉइनर म्हणजे न दिसणारं, जागा न घेणारं जोडणीचं चिन्ह. छापलेल्या कागदावर ते कुठंच नसतं.

पोरानं र टाइप केला. ते न दिसणारं चिन्ह घातलं, पडद्यावर काहीच हललं नाही, त्यानं माझ्याकडे पाहिलं. “पुढं कर,” मी म्हटलं. हलन्त. य. र उभा राहिला आणि य त्याच्या पायाशी गेला.

त्यानं प्रूफ काढून गिऱ्हाइकाच्या हातात दिलं आणि एका चिठ्ठीवर कळांचा क्रम कन्नडमध्ये लिहून ती मॉनिटरच्या कडेला चिकटवली.

“कुणी सांगितलं अण्णा तुला हे?”

“नाव माहीत नाही रे,” मी म्हटलं.